टाकाऊ पाण्याची वाट

आंबिवलीत पाईप आणि नळजोडणीच्या सामानाचा व्यापार करताना माणसाचा एक स्वभाव नित्य दिसतो. घरात पाणी आणण्यासाठी तो हौसेने खर्च करतो. तेच पाणी घराबाहेर काढावयाचे झाले की हात आखडता घेतो. इंग्लंडमध्ये लेस्टर येथे कन्येकडे राहिलो, तेव्हा या स्वभावाला देशाची सीमा नाही असे आढळले.

तेथे थंडीत घर उबदार ठेवण्यासाठी गॅसचा बॉयलर असतो. इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर, काही अपवाद वगळता, ‘कंडेन्सिंग’ प्रकारचाच बसवावा लागतो. एक घनमीटर गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाण्याइतकी वाफ निर्माण होते. जुन्या यंत्रात ती धुराड्यावाटे निघून जाई. नव्या यंत्रात धूर सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या खाली निववितात; वाफेचा बराचसा भाग पाणी होतो आणि तिच्यातील उष्णता घराच्या उपयोगी पडते.

हे पाणी दिसावयास निर्मळ, पण आम्लधर्मी असते. ज्वलनातील कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात विरघळतात. म्हणून त्याचा पीएच साधारण ३ ते ५ भरतो. शुद्ध पाण्याचा पीएच ७. त्या हिशेबाने पीएच ४ म्हणजे हजारपट आम्लता. आमच्या शेजारी मोहने येथे रेयॉनचा कारखाना होता. रेयॉनचा धागा गंधकाम्लाच्या द्रावणातच घट्ट होतो, त्यामुळे आम्ल हा शब्द आंबिवलीकरांना नवा नाही. बॉयलरचे पाणी त्या मानाने फारच सौम्य. तरी थेंब रोज एकाच जागी पडला, तर ते तांबे, लोखंड आणि सिमेंट हळूहळू खाते.

कन्येच्या घरी बॉयलर बसविणाऱ्याने या पाण्याची नळी भिंतीबाहेर काढून मोकळीच सोडली होती. पाणी शेजारच्या वृद्ध बाईंच्या कुंपणभिंतीच्या पायथ्याशी पडे. तेथील विटांच्या सांध्यांतले सिमेंट भुसभुशीत झाले होते.

जावईबापू म्हणाले, “बाबा, दिवसाला बादलीभर पाणी. त्यांनी कधी तक्रारही केलेली नाही.”

मी म्हटले, “देणेकरी मागावयास आला नाही, म्हणून तुम्ही वहीतले देणे पुसाल का?”

ते क्षणभर थांबले, मग हसले. आणि त्याच आठवड्यात त्यांनी कारागीर बोलावला. नळी घरातूनच फिरवून स्वयंपाकघरातील मोरीच्या सांडपाण्याला जोडली. साबणाचे पाणी अल्कधर्मी असते, ते आम्लता काही अंशी मारते. नळी प्लास्टिकचीच हवी, धातूची नको; उतार मीटरमागे सुमारे पाच सेंटिमीटर. बाहेरून न्यावीच लागली, तर ती रुंद व वेष्टनयुक्त असावी. डिसेंबर २०१० च्या कडाक्यात ब्रिटनमध्ये अशा असंख्य नळ्या गोठून बॉयलर बंद पडले होते. हे पाणी पावसाच्या गटारात सोडू नये, कारण ती गटारे बहुधा थेट ओढ्यात जातात.

जेथे सांडपाण्याची वाहिनी जवळ नसते, तेथे चुनखडीच्या खड्यांतून हे पाणी गाळतात. संगमरवराचे तुकडेही चालतात. मंदिराच्या संगमरवरी फरशीवर लिंबू सांडू नये, असे आपल्याकडे सांगतात ते याच कारणाने. दगड आम्लाला निष्प्रभ करतो, पण त्यात स्वतः झिजतो. म्हणून हे खडे मधूनमधून बदलावे लागतात.

शेजारीणबाईंची भिंतही जावईबापूंनी स्वखर्चाने दुरुस्त करून दिली. ती पावसाने झिजली, अशीच त्यांची समजूत होती. आपण बोललो नसतो, तर त्यांना कधीच कळले नसते.

मुनींच्या पाच समितींत उत्सर्ग समिती शेवटची : जे टाकावयाचे, ते जीव पाहून, जागा पाहून टाकावे. गृहस्थालाही या यत्नेचा अंश पाळता येतो. आपल्या इमारतींतील एसीचे पाणी आम्लधर्मी नसते. पण ते खालच्या मजल्याच्या छज्जावर ठिबकतेच. न्हाणीघरात ओतलेले ॲसिड आणि इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीतले पाणी तर कितीतरी तीव्र असते. बॅटरी विकत देणाऱ्यालाच ती परत द्यावी, मोरीत रिकामी करू नये. एसीच्या नळीला स्वतंत्र वाट काढून द्यावी. त्या नळीचा खर्च शेजाऱ्याशी होणाऱ्या भांडणापेक्षा नेहमीच स्वस्त पडतो. परदेशी असलेल्या मुलांना फोन कराल, तेव्हा बॉयलरचे पाणी कोठे जाते, एवढे एकदा विचारावे.