पाहुणा संगणक व त्याची अदृश्य तार

आमच्या प्रयोगशाळेंतील एका संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक नांदतो, हें ऐकून तुमच्या वडील मंडळींस नवल वाटेल. हा दुसरा केवळ आज्ञावलीनें घडविलेला आहे. बाहेरच्यास यजमान व आंतल्यास पाहुणा म्हणतात.

या दोघांनीं एकमेकांशीं बोलावें कसें? त्यासाठीं एक जुनी रीत उपयोगी पडते. १९६० सालीं अमेरिकेंत आरएस-२३२ हें मानक निघालें. अशा सीरियल पोर्टांतून प्रत्येक अक्षराचे बिट रांगेनें, एकामागून एक जातात. पाहुण्यास असाच पोर्ट असल्याचा भास करून देतात. त्यानें धाडलेलें अक्षर कोणत्याही तारेंतून न जातां यजमानाच्या फाइलींत अथवा सॉकेटमध्यें उतरतें. क्यूईएमयू व व्हर्च्युअलबॉक्स या आज्ञावल्यांत ही सोय आहे.

गेल्या वर्षीं आमचा पाहुणा सुरूच होईना. पडदा काळा, नेटवर्क मुकें, आणि मुलांचें वर्षभराचें काम आंत अडकलेलें! तेव्हां त्यांतील लिनक्सला आरंभींच आज्ञा दिली कीं, आपले निरोप पहिल्या सीरियल पोर्टवर दे. ओळींमागून ओळी यजमानाकडे येऊं लागल्या. आपली मूळ डिस्क सांपडत नाहीं, असें शेवटची ओळ सांगत होती. डिस्कची जोडणी सुधारतांच सारें काम परत मिळालें.

नेटवर्क उशिरां जागें होतें; ही अरुंद वाट आधीं जागी होते, कारण तिला फार थोडें लागतें. मोठीं साधनें अवश्य वापरावीं. परंतु साधी वाट बुजूं देऊं नये.