न फवारलेला ढग

16 एप्रिल 2024 रोजी अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत 254 मिलिमीटर पाऊस कोसळला. संयुक्त अरब अमिरातीत वर्षाकाठी सरासरी शंभरेक मिलिमीटर पडतो. 1949 पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस कधी नव्हता. शारजात आमच्या रस्त्यावर गाड्या टपापर्यंत पाण्यात होत्या आणि सोलापूरहून मावशी फोनवर विचारत होती, "विमानानं पाडलेला पाऊस आवरेना म्हणे तुमच्याकडं?"

तिला काय सांगावं? इथे विमानं ढगांच्या तळाशी जाऊन क्षारांची नळकांडी जाळतात हे खरं आहे. त्या कणांवर बाष्प जमून थेंब मोठे होतात. पण त्यासाठी आधी ढग हवा, आणि त्यात वर चढणारी हवा हवी. एप्रिलमधलं वादळ ओमानलाही झोडपून गेलं, त्याचा अंदाज आधीच वर्तवलेला होता आणि त्या वादळात फवारणी केलीच नाही, असं इथल्या राष्ट्रीय हवामान केंद्रानं सांगितलं. हवा एक अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. माणसाचा हात शोधायचाच असेल तर तो या तापण्यात शोधावा. चार विमानांवर आपला चटकन विश्वास बसतो, दीडशे-दोनशे वर्षांच्या धुरावर बसत नाही, याची मला काळजी वाटते.

मावशीच्या सोलापूरचंच उदाहरण घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं तिथे 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत प्रयोग केला. काही ढगांवर फवारणी केली आणि तशाच दुसऱ्या ढगांना मुद्दाम हात लावला नाही. कोणता ढग कोणत्या गटात, हे कुणाच्या मर्जीवर नव्हतं. अवर्षणाच्या मुलखात, खाली शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असताना, भरलेला ढग तसाच जाऊ द्यायचा! मला हे फार कठीण आणि फार प्रामाणिक काम वाटतं. तो ढग सोडला नसता, तर पडलेला पाऊस फवारणीचा की निसर्गाचा, हे कधीच कळलं नसतं. 2023 मध्ये निष्कर्ष छापून आले: फवारलेल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला सुमारे 100 चौरस किलोमीटरांत 18 टक्के जास्त पाऊस. म्हणजे दुष्काळ हटवणारा नाही आणि दुबई बुडवणारा तर नाहीच.

अमिरातीनंही 2015 पासून पर्जन्यवृद्धीच्या संशोधनाला जगभरच्या शास्त्रज्ञांकडून प्रस्ताव मागवून पैसा दिला. विद्युतभारानं थेंब एकत्र येतात का, इथपर्यंतचे प्रश्न त्यातून तपासले गेले. असा पैसा वाया जात नाही, उत्तर 'नाही' आलं तरीही.

महाराष्ट्रात 2003, 2015 आणि 2019 मध्ये कृत्रिम पावसाची विमानं उडाली. पुन्हा उडतील. तेव्हा ती किती उडाली एवढंच विचारू नका. किती ढग न फवारता सोडले आणि त्यांची नोंद कुठे प्रसिद्ध होणार, तेही विचारा.