आठवणी (यवतमाळ)

आई गेल्यावर बाबा मोबाइलवर लिहायला लागले. वणीत जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. फळ्यावर लिहून झालं, आता अंगठ्याने. रात्री जेवण झालं की खाटेवर बसून एक नोंद लिहायची आणि ती थेट मला व्हॉट्सॲपवर पाठवायची. वर्षभरात दोनशेच्या वर नोंदी झाल्या. मी पुण्यात वेबसाइट बनवायचं काम करतो. म्हटलं, वर्षश्राद्धाच्या आधी या सगळ्याचं एक पान करू आणि घरच्यांना लिंक पाठवू.

अडचण एकच होती. इकडे वणी म्हटलं की लोकांना सप्तशृंगीजवळची, नाशिक जिल्ह्यातली वणी आठवते. आमची वणी यवतमाळ जिल्ह्यातली, कापसाची आणि कोळशाच्या खाणींची. भाचरांचा घोटाळा होऊ नये म्हणून ठरवलं: जिथे 'वणी' तिथे 'वणी (यवतमाळ)'. एका ओळीचं काम.

जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी रिप्लेस आहे. पण त्याला नुसता शब्द दिला तर ते पहिला सापडलेला बदलतं आणि थांबतं. यात नवशिके हमखास फसतात. सगळे बदलायचे तर रेग्युलर एक्स्प्रेशनला 'ग्लोबल'ची खूण लावायची, नाहीतर २०२१ च्या आवृत्तीत आलेलं रिप्लेसऑल वापरायचं. मी रिप्लेसऑल लावलं, वरच्या दहा ओळी पाहिल्या, लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली आणि झोपलो.

सकाळी ग्रुपवर हसण्याच्या इमोजींचा पूर आला होता. पानावर लिहिलं होतं, 'पोरांची शिकवणी (यवतमाळ) फुकट घेत होतो.' 'मिरचीची लावणी (यवतमाळ) झाली.' जिथे 'आठवणींचा' होतं, तिथे कंस संपल्यावर अनुस्वार एका ठिपक्यांच्या गोलावर लटकत होता. आणि एका नोंदीत, 'हिची पाठवणी (यवतमाळ) झाली तेव्हा सासरे दाराआड रडले.'

बाबांचा फोन आला. "काऊन रे, आठवणीलेही आता जिल्हा लागते का?"

मी हसलो. ते हसले नाहीत. "पाठवणीचं तेवढं नीट कर," म्हणाले.

कॉम्प्युटरला शब्द दिसत नाही, चिन्हांची रांग दिसते. 'पाठवणी'च्या शेवटी 'वणी' आहे, एवढंच त्याला कळतं. शब्दाची कड ओळखायची रेग्युलर एक्स्प्रेशनमधली नेहमीची खूण मराठीला लागू पडत नाही. जावास्क्रिप्टमध्ये ती इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर यांनाच शब्दात धरते. म्हणून युनिकोडची अट घातली: 'वणी'च्या आधी कुठलंही अक्षर किंवा काना-मात्रा नको. मागची बाजू मोकळी ठेवली, कारण 'वणीला' आणि 'वणीहून' हवेच होते.

मग पानावर शोधायची चौकट दिली. तपासायला टाइप केलं, 'शेतकऱ्यांची पोरं'. उत्तर आलं शून्य. समोर नोंद उघडी होती, त्यात हेच दोन शब्द होते, तरी शून्य. ज्या जिल्ह्याचं नाव बातम्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळेच येतं, तिथल्या मास्तराच्या लिखाणात शेतकऱ्यांची पोरं शून्य.

दोष त्या 'ऱ्य'चा होता. तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्ता असलेला वेगळा 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र वेगळे. बाबांचा कीबोर्ड एक लिहीत होता, माझा दुसरं. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही हे दोन्ही एक करत नाही. मग शोधण्याआधी एक तऱ्हा दुसरीत बदलून घेतली. शेतकऱ्यांची पोरं सापडली, आईच्या लग्नाचं वऱ्हाडही सापडलं. अनुदानाच्या एखाद्या यादीत असं झालं तर काय, हा विचार मात्र डोक्यातून गेला नाही.

सगळं नीट झाल्यावर मी आईचं नाव शोधलं. पुन्हा शून्य. या वेळी कोड बरोबर होता. बाबांनी आईचं नाव कधी घेतलंच नव्हतं, घरातही नाही आणि लिहितानाही नाही. त्यांच्या लेखी ती कायम 'ही'. आणि 'ही' शोधलं तर 'ही गोष्ट', 'ही वाट', 'तेव्हाही', 'काही', 'नाही', सगळं धावून येतं. शब्दाची कड नेमकी धरली तरी 'ही वाट' आणि 'ही म्हणाली' यांतला फरक कुठल्या खुणेने सांगणार?

दिवाळीला वणीला गेलो तेव्हा लॅपटॉप घेऊन बाबांच्या खाटेवर बसलो. एकेक 'ही' दाखवत गेलो.

"ही?"

"नाही, हे वाट हाय."

"आणि ही?"

त्यांनी चष्मा वर केला. "हे तुही माय."

त्या रात्री साठ नोंदी झाल्या. उरलेल्या अजून बाकी आहेत.