आरावरचं रताळं

माघ उतरणीला लागला की हट्ट्याच्या आसपासची हवा हळदीची होते. वसमत तालुक्यातलं हे गाव परभणीहून औंढा नागनाथला जाणाऱ्या वाटेवरचं. झिरो फाटा मागे पडला की हट्टा, मग जवळा बाजार, मग औंढा. एरवी या वाटेनं जाताना कापूस दिसतो, सोयाबीन दिसतं, कालव्याचं पाणी पोचतं तिथं ऊस. या दिवसांत मात्र डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. मृगाच्या सुमाराला लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी निघते. कंद मोडायचे, गड्डे वेगळे करायचे, शिजवायचे, पंधराएक दिवस उन्हात वाळवायचे, मग ढोलात फिरवून घासायचे. पूर्वी हे शिजवणं काहिलीत व्हायचं, आता वाफेचे मोठाले कुकर शेतातच येऊन उभे राहतात. त्या वाफेला मातीचा, कडसर, ओला वास असतो. कपड्यांत तो होळीपर्यंत राहतो. काम करणाऱ्या बायकांच्या हाताचा पिवळा रंग तर गुढीपाडव्यालाही पुरता गेलेला नसतो.

आणि या धांदलीच्या ऐन मध्ये महाशिवरात्र येते, माघ वद्य चतुर्दशीला. त्या दिवशी उपवास. उपवासाला हळद चालत नाही!

वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, हिंगोलीच्या हळद बाजारात तिची पोती थप्पीला लागतात, अंगणात तिचे ढीग पडलेले असतात, आणि घरातल्या चुलीवर त्या एका दिवशी तिची चिमूटही पडत नाही. का, ते विचारू नये. उपवासाचे नियम कुणी एका बैठकीत ठरवलेले नाहीत. ज्यांना दक्षिण अमेरिकेतून आलेला बटाटा चालतो, मिरची चालते, शेंगदाणा चालतो, साबुदाण्याचा कंद चालतो, त्यांना परसातली हळद चालत नाही, एवढंच. परिणाम असा की त्या दिवशीचं ताट पांढरं असतं. भगर पांढरी, दाण्याची आमटी फिकट, दही पांढरं, साबुदाणा पांढरा. ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणतात ते शिवरात्रीलाही लागू आहे, त्यामुळे ताट भरगच्च असतं; पण भगरीचा तिसरा घास घेतला की जीभ इकडं तिकडं बघायला लागते. तिला काहीतरी तोंडी लावायला हवं असतं. माझ्या मते त्या जागेचा मान रताळ्याच्या भरताचा.

कीस नव्हे. कीस चांगला असतो, पण तो स्वतःच पोटभरीचा होऊन बसतो. घाऱ्या गोडात जातात, खीर तर पंगतीच्या शेवटी. भरीत मात्र डाव्या अंगाला, चटणीच्या शेजारी, दोन चमचेच वाढायचं असतं. उकडलेलं किंवा भाजलेलं रताळं गरम असतानाच कुस्करून, त्यात साय किंवा दही, जाडसर दाण्याचं कूट, सैंधव, वरून तुपात तडतडलेले जिरे आणि हिरवी मिरची. वांग्याच्या भरतासारखी याला कांद्या-लसणाची मदत नसते. सगळं रताळ्याच्या स्वतःच्या चवीवर निभावायचं असतं, म्हणून रताळं नीट शिजणं हाच सगळा स्वयंपाक.

रताळं या काळ्या जमिनीचं पीक नव्हे. चिकण मातीत ते वेडंवाकडं वाढतं आणि काढताना निम्मं तुटून आत राहतं. त्याला हलकी, निचऱ्याची, नदीकाठच्या पोयट्याची जमीन लागते. वेलाचे तुकडे वरंब्यावर टोचले की चारेक महिन्यांत ते काढायला येतं. पूर्णेच्या अंगानं कुणी घरापुरता एखादा वाफा लावतं, बाकी बाजारातून. शिवरात्रीच्या तोंडावर महाराष्ट्राच्या मोठ्या बाजारांत करमाळ्याकडचं गावरान रताळं येतं, लहानसर आणि गोड. शिवाय कर्नाटकातून येतं ते मोठं. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतली मराठी शेतकऱ्यांची लाल माती तर या पिकासाठीच ओळखली जाते. तिथली रताळी पार उत्तर हिंदुस्थानात जातात. आठवडी बाजारात या सगळ्यांची एकच रास असते. माझं मत लहानाकडे आहे: मुठीत मावेल असं, सालीला लालसर, आतून पांढरं, टोकं न सडलेलं. मोठ्या रताळ्यात दोरे फार.

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला, पण बोली अजून परभणीचीच आहे, आणि रताळी विकणाऱ्या मावशींच्या तोंडी ती खुलते.

“मावशी, गोड निघतील ना?”

“गोडाचं मला कामून विचारायलात? घरी जाऊन चुलीला विचारा.”

त्यांनी हे गिऱ्हाईक गप्प करायला म्हटलं असेल. पण शास्त्र त्यांच्या बाजूनं आहे. कच्च्या रताळ्यात साखर असते, पण बेताची. मुख्य भरणा पिष्टाचा. रताळं तापायला लागलं की साधारण साठ-पासष्ट अंशांना पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, आणि त्याच वेळी रताळ्यातलंच एक विकर, बीटा-अमायलेज त्याचं नाव, त्या पिष्टाचे तुकडे पाडून माल्टोज नावाची साखर तयार करतं. पंचाहत्तर अंशांच्या पुढं तापमान गेलं की हे विकर हळूहळू निकामी होतं. म्हणजे गोडी तयार व्हायला साठ ते पंचाहत्तर एवढाच टप्पा मिळतो. रताळं या टप्प्यात जितका वेळ रेंगाळेल तितकं गोड. मायक्रोवेव्हमध्ये ते हा टप्पा धावत ओलांडतं. शिट्टीच्या कुकरचंही तसंच: रताळं मऊ होतं, पण फिकं राहतं, आणि मग लोक बाजाराला नावं ठेवून त्यात साखर घालतात.

चुलीवर काय होतं? चुलीवर सकाळी चहा होतो, भगर होते, आमटी होते, पाणी तापतं. पऱ्हाट्यांचा जाळ बसतो आणि आर उरतो. त्या आरावर रताळ्यांचं पातेलं ठेवायचं, बुडाला दोन पेले पाणी, वर जड झाकण; किंवा रताळी सरळ राखेत पुरायची. मग घरातली सगळी माणसं शेतात निघून जातात. हळद शिजवायची असते, उलटायची असते, मजूर आलेले असतात, कुकरवाल्याची पाळी आज मिळालेली असते, ती उपवासासाठी सोडता येत नाही. कोणीही त्या पातेल्याकडे बघत नाही. दुपारी परत येईपर्यंत आर राखेखाली धुमसत राहतो, आणि पातेल्यात रताळं नेमकं त्या साठ-पंचाहत्तरच्या टप्प्यात बराच वेळ पडून असतं.

आपण सावकाश रांधण्याला निवांतपणाशी जोडतो. जुन्या बायकांना वेळ होता, आपल्याला नाही, असं म्हणून मोकळे होतो. हट्ट्याच्या शिवारात हळदीच्या दिवसांत कुणाला वेळ होता? रताळं सावकाश शिजायचं ते घरात कुणालाच सवड नसायची म्हणून. शेगडीपाशी उभं राहावं लागतं, शिट्ट्या मोजाव्या लागतात, गॅस बंद करावा लागतो. हे निवांत माणसाचं काम आहे. आर आपला आपण विझतो. ज्या घरात बाई दिवसभर घरात असे तिथं उलट रताळ्याला सारखं टोचून बघितलं जाई, झाकण उघडलं जाई, वाफ जाई.

गॅसवर हे जमतं. रताळी गार पाण्यात सोडून अगदी बारीक आचेवर चढवायची, पाणी उकळू न देता अर्धा-पाऊण तास तसंच तापत ठेवायचं, आणि मग आच वाढवून पुरतं शिजवायचं. मधल्या वेळात घर सोडून जाता येत नाही, एवढाच तोटा. आणि रताळी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नयेत. बारा अंशांच्या खालचा गारवा त्यांना सोसत नाही. आतला गाभा असा निबर होतो की मग कितीही शिजवा, कुस्करताना गोळे हाताला लागतात.

कुस्करणं गरम असतानाच. साल ओढली की निघते, बोटं भाजतात, भाजू द्यावीत. गावरान रताळं हातानंच मोडतं. दोरे असतील तर पुरणयंत्रातून काढावं. होळी पंधरवड्यावर आलेली असते, यंत्र नाहीतरी माळ्यावरून उतरवायचंच असतं. मिक्सरला माझा विरोध आहे. मिक्सर रताळ्याची पेज करतो, दाताला काही उरत नाही, आणि भरीत हा दात असलेल्यांचा पदार्थ आहे. ज्यांना दात नाहीत त्यांच्यासाठी वेगळी वाटी असते: त्याच रताळ्याचा मऊ गर, कोमट दूध, गुळाचा खडा. घरातलं सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत म्हातारं माणूस शेजारी बसून एकच जिन्नस खातं, तो दिवस शिवरात्रीचा.

साय घालायची तर गर कोमट असताना, म्हणजे ती विरघळून आत शिरते. दही घालायचं तर पूर्ण निवल्यावर, नाहीतर त्याला पाणी सुटतं आणि भरताची कढी होते. कूट शेवटी, तेही जाडसर. फोडणी जेवायला बसताना. जिरे उपवासाला चालतात की नाही यावर घराघरात मतभेद आहेत. कोथिंबिरीवर तर शेजारच्या दोन घरांतही आहेत. मी जिथं जेवायला बसेन तिथला नियम पाळतो.

वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’नं 1981 पासून मराठी घराघरात जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर पोचवला, पण आपल्या मनात तो बसला भुईमुगाचा माणूस म्हणून. टस्कीगीत त्यानं रताळ्यावरही तितक्याच चिकाटीनं काम केलं. कापसानं निकस झालेल्या अलाबामाच्या जमिनीत गरीब शेतकऱ्यानं काय लावावं, या प्रश्नाला त्याच्याकडे भुईमूग, चवळी आणि रताळं अशी उत्तरं होती. रताळी टिकवावी कशी आणि ताटात आणावी कशी यावर त्यानं शेतकऱ्यांसाठी पत्रिका लिहिली. तिच्यात राखेतल्या रताळ्याची कृती आहे: चार इंच गरम राखेखाली पुरा, वर निखारे ठेवा, आणि किमान दोन तास सावकाश भाजू द्या. हट्ट्याचं शिवारही कापसाचंच. इथल्या चुलीला ही पत्रिका वाचायची गरज पडली नाही. आमच्या भरताच्या वाटीत कार्व्हरची दोन पिकं, रताळं आणि दाण्याचं कूट, एकत्र नांदतात, हे त्याला कळतं तर तो खूश झाला असता.

त्याच्याच देशात नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, टर्कीच्या शेजारी कुस्करलेलं रताळं असतंच. लोणी, दूध, कधी दालचिनी घालून. त्यावर मार्शमॅलो पसरून भाजायची रीत 1917 मध्ये एका मार्शमॅलो कंपनीनं आपला माल खपवण्यासाठी छापलेल्या पाककृतींतून पसरली. मुळात गोड असलेल्या वस्तूवर साखरेचं छप्पर! यात जाहिरातीचं कर्तृत्व मोठं आहे, जिभेचं नाही. तिकडं स्थायिक झालेल्या मराठी घरांतून महाशिवरात्रीला भरीत होतं ते बहुधा त्यांच्या केशरी रताळ्याचं. ते गाजरासारखं रंगदार, बीटा-कॅरोटिननं भरलेलं, पण पाणथळ असतं. त्याचा कीस गिच्च होतो. भरताला मात्र ते उत्तम, फक्त दह्याऐवजी टांगून ठेवलेला चक्का घ्यावा. पांढऱ्याचाच हट्ट असेल तर जपानी म्हणून मिळणारं लाल सालीचं रताळं आपल्या गावरानाच्या सगळ्यांत जवळचं. तिरुअनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेनंही केशरी गराचा ‘भू सोना’ हा वाण काढलाय. तो इकडच्या बाजारात रुळला तर हळद वर्ज्य असलेल्या ताटाला निदान पिवळेपणा परत मिळेल.

साय की दही, हा वाद मात्र मिटलेला नाही. आमच्या घरात दोन पक्ष आहेत. सायवाल्यांचं म्हणणं, रताळ्याच्या गोडीला आंबट लावणं म्हणजे तिचा अपमान. माझा पक्ष दह्याचा. साय घातलेलं भरीत पहिल्या घासाला देवाघरचं लागतं आणि चौथ्याला जड होतं. तोंडी लावण्यानं माणसाला पुन्हा भगरीकडे वळवायला हवं, आणि ते काम आंबटाशिवाय होत नाही. यावर काकूंनी तोड काढली होती: सायीचंच दही लावायचं. दोन्ही पक्षांनी ते खाल्लं, दोन्ही पक्षांनी आपलाच विजय झाल्याचं जाहीर केलं. आता पुतण्याच्या बायकोनं नारळाच्या दुधाचा तिसरा पक्ष काढलाय. तिचं माहेर मालवणकडचं. यंदा भरताची दोन पातेली झाली, आणि तिचं आधी संपलं.