खिंडीतली 411 एकर

औंधकडून येणारी बस विद्यापीठ चौकाच्या अलीकडे अडकली की मी खिडकीतून विद्यापीठाची भिंत बघत बसतो. मध्येच ती नवी होते. रस्ता रुंद करायचा म्हणून तिला थोडं आत सरकवलंय. तिच्या आत असलेलं एक झाड आता बाहेर, फुटपाथवर आलंय. बुंध्याला गेरूचा आणि चुन्याचा पट्टा, मुळांवर पेव्हर ब्लॉक, फांदीला कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सची दोरी. हातभर जागा बदलली नाही त्या झाडाने, आणि तरी ते विद्यापीठाचं राहिलं नाही.

या जागेचं नाव गणेशखिंड. खिंड ही राहायची जागाच नव्हे, ओलांडायची. 5 नोव्हेंबर 1817 रोजी पेशव्यांची फौज याच बाजूने खडकीच्या मैदानात उतरली. मोरोपंत दीक्षितांच्या घोडदळाने इंग्रजी पलटणीवर मुसंडी मारली आणि वाटेत न दिसलेल्या दलदलीत घोडे रुतले. लढाईची कारणमीमांसा करणारे पुष्कळ लिहितात, आणि ते बरोबरही असेल, पण त्या संध्याकाळी चिखलाचंही एक मत होतं, हे मला विसरता येत नाही. जमिनीला आपण नेहमी ‘घेतलेली’, ‘दिलेली’, ‘गेलेली’ म्हणतो. तिने स्वतः काही केलं, असं सहसा म्हणत नाही.

पुढे सत्तेचेच लोक इथे राहायला आले. मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला यायचे. आधीचं त्यांचं घर दापोडीला होतं. ते गव्हर्नर सर बार्टल फ्रिअरना पसंत पडेना. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईत कापसाचा पैसा खुळखुळत होता, त्या दिवसांत, 1864 साली, जेम्स ट्रुबशॉ यांच्या आराखड्यावरून गणेशखिंडीत नवं गव्हर्नमेंट हाउस बांधायला घेतलं. 80 फुटी मनोरा, मोठमोठी दालनं. कापसाचा फुगा 1865 मध्ये फुटला, खर्च मात्र वाढत राहिला. इंग्लंडच्या पार्लमेंटमध्येसुद्धा या उधळपट्टीवर बोलणी झाली. काम पुरं व्हायला 1871 उजाडलं, तोवर फ्रिअर परतूनही गेले होते. घर बांधावं एकाने आणि राहावं दुसऱ्याने, हे आपल्याकडच्या सोसायट्यांनाही नवं नाही.

याच घरातून 22 जून 1897 च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून प्लेग कमिशनर रँड निघाला. चापेकर बंधू रस्त्यावर वाट बघत होते. खिंडीत गाठणं हा आपला जुना वाक्प्रचार. तो इतका शब्दशः क्वचितच खरा झाला असेल.

विद्यापीठ आलं 10 फेब्रुवारी 1949 ला, आणि आलं तेव्हा त्याला घर नव्हतं. पहिला संसार भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाउसमध्ये. म्हणजे पुण्याचं विद्यापीठ सुरू झालं ते हैदराबादच्या निजामाच्या पैशाने बांधलेल्या अतिथिगृहात. मग 1 जून 1949 रोजी बिऱ्हाड गणेशखिंडीत हललं. तारीख बघा: गव्हर्नर पुण्याला यायचे तो हा ऋतू, आणि कॉलेजं उघडतात तोही हाच. बाळासाहेब खेरांच्या सरकारने मनावर घेतलं होतं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू होते, आणि 1950 च्या सुरुवातीला 411 एकरांहून अधिक जागा विद्यापीठाच्या पदरात पडली. आयत्या बिळात नागोबा म्हणायचा मोह होतो, पण हा नागोबा चांगला निघाला. बंगल्याच्या नाचाच्या दालनांपेक्षा जयकर ग्रंथालयाच्या कपाटांनी या शहराचं जास्त भलं केलं. गंमत म्हणजे राज्यपालांनी घर दिलं, तरी शेजार सोडला नाही. पुण्याचं राजभवन अजून पलीकडेच आहे, आणि राज्यपाल या विद्यापीठाचे कुलपतीही आहेत.

सगळ्यांना असं आयतं मिळत नाही. माझ्या चुलत्यांची, आप्पांची, पावणेचार एकर जमीन एका विद्यापीठाला गेली. कुठल्या, ते राहू द्या. आधी चावडीवर 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 4 ची नोटीस लागली. मग कलम 6, ‘सार्वजनिक प्रयोजन’. मग कलम 9 खाली ‘हजर राहावे’. मोजणीदार आला, खुणेचे दगड रोवले गेले, निवाडा झाला, ताबा गेला, फेरफार पडला आणि सातबाऱ्यावरच्या आजोबांच्या नावाला कंस झाला. वाढीव मोबदल्याचा दावा बरीच वर्षं चालला. आप्पा त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. फक्त मुलींच्या वसतिगृहाला वसतिगृह म्हणत नाहीत, ‘विहिरीची पट्टी’ म्हणतात. माझी पुतणी तिथे दोन वर्षं राहिली. तिची चौकशी करताना ते विचारायचे, “विहिरीच्या पट्टीत पंखे आहेत का गं?”

पुण्याच्या विद्यापीठाला जमीन मागावी लागली नाही, उलट तीच वाटावी लागली. 1988 साली जयंत नारळीकरांची ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था याच आवारात सुरू झाली. रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र आलं, सी-डॅक आलं, पेशीविज्ञानाची संस्था आली. यातली चार्ल्स कोरिया यांनी उभी केलेली आयुकाची इमारत मला सगळ्यांत जवळची वाटते. तिच्या भिंतीपाशी उभं राहून बघा: काळ्या दगडाचे थर, आणि अगदी वर गुळगुळीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आभाळ उतरतं. भिंत संपते कुठे आणि आभाळ सुरू होतं कुठे, हे क्षणभर कळत नाही. कुंपणावर इतका विचार केलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. याच आवारात न्यूटनच्या सफरचंदाच्या झाडाची कलमं आणून लावली होती. पुण्याच्या हवेत त्यांना फळंही धरली, पण पुढे ती झाडं टिकली नाहीत. गुरुत्वाकर्षण इथेही तेच, माती मात्र वेगळी. टिकतं ते चंदन, आणि तेही चोरांनी टिकू दिलं तर. रात्रीत बुंधा कापून नेल्याची बातमी दर काही महिन्यांनी असतेच.

आणि आता रस्ता. चौकातला उड्डाणपूल 2020 साली पाडला, दोन दशकंही पुरी झाली नव्हती त्याला. मग हिंजवडी मेट्रोचे खांब उभे राहिले, त्यांच्याबरोबर नवा दुमजली पूल. भिंत आत सरकते तेव्हा विद्यापीठाची माणसं हळहळतात. मीही हळहळतो, फक्त बसमध्ये असलो की तेवढं मनापासून जमत नाही. शेवटी ही खिंड आहे. इथून जाणाऱ्याचा हक्क इथे राहणाऱ्यापेक्षा जुना.

मागच्या उन्हाळ्यात आप्पा डोळे दाखवायला पुण्याला आले होते. संध्याकाळी त्यांना विद्यापीठात फिरायला घेऊन गेलो. मुख्य इमारत, मनोरा, हिरवळ, सगळं दाखवलं. त्यांनी मनोऱ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, “एकूण किती?”

“411 एकर.”

“कुणाची होती?”

“गव्हर्नरची.”

“त्याच्या आधी रे?”

मी चुळबुळलो. फ्रिअर, ट्रुबशॉ, 1864, सगळं माझ्या तोंडपाठ होतं. त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. रस्त्याच्या कडेला, जिथे हिरवळ संपून उघडी जमीन लागते, तिथे ते गुडघ्यावर हात टेकून वाकले, चिमूटभर माती उचलली, अंगठ्याने चुरली.

“मुरमाड आहे,” ते म्हणाले. “ज्वारी नसेल येत. पण जनावरं चरत असणार कुणाचीतरी.” आणि हात धोतराला पुसले.