पाणचक्कीचे पाणी आणि पीठ

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पाहुणे आले की त्यांना पाणचक्कीला न्यावेच लागते. दारात तिकीट, आत दुकाने, हिमरूच्या शाली, सेल्फी. भिंतीवरून हौदात कोसळणाऱ्या पाण्याचा फोटो निघाला की पाहुणे म्हणतात, "चला, आता मकबरा!"

ही जागा मुळात पाहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. मध्य आशियातून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांची ही खानकाह. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी कित्येक किलोमीटर मातीच्या नळांतून इथे आणले, उंचावरून खाली सोडले आणि त्या जोरावर जाते फिरवले. ते पीठ कुणासाठी? खानकाहीतल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी. मुसाफिराच्या दारी मुसाफिराला भाकर मिळावी म्हणून.

आजचा मुसाफिर तिकीट काढून येतो. देखभालीला पैसा लागतो, दुकानांवर घरे चालतात. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण पर्यटक जिथवर जातो तिथवरच आपली काळजी पोहोचते, हे मला खटकते. रंगरंगोटी हौदाभोवती होते. नहर मात्र वाढत्या शहराच्या बांधकामांखाली दबत चालली आहे, कारण तिथे फोटो काढायला कुणी जात नाही.

शाळांच्या सहली एकदा तरी हौदापासून उलट, नहरीच्या वाटेने डोंगराकडे न्याव्यात. नाहीतर उद्या नहर आटेल, हौदात मोटारीने पाणी सोडतील, आणि फोटोत काहीच फरक दिसणार नाही.