काळी खिडकी

मी इंग्रजीचा प्राध्यापक आहें. ज्याला इंग्रजी येतें त्याला संगणकही येत असलाच पाहिजे, या तर्कशास्त्राला अनुसरून कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या महाविद्यालयाच्या सर्व्हरची आणि त्याला जोडलेल्या तारांच्या जाळ्याची देखरेख माझ्या गळ्यांत पडली. तंत्रज्ञ बोलवावयाचा तर तो परभणीहून यावयाचा. त्यापेक्षां घरचा मास्तर बरा! मानवतच्या माझ्या घरीं बसून, रात्रीं जेवण झाल्यावर, हें काम करतां येतें, एवढाच त्यांतला मोह.

या कामांत चित्रें नाहींत, बटनें नाहींत. समोर एक काळी खिडकी उघडते, तींत एक रेघ लुकलुकत असते, आणि आपण अक्षरें टंकून हुकूम सोडावयाचा. दूरच्या यंत्राशीं चाललेलें हें संभाषण वाटेंत कोणीं चोरून ऐकूं नये म्हणून टाटू यिलनेन या फिनलंडच्या संशोधकानें १९९५ सालीं एस्.एस्.एच्. ही व्यवस्था काढली. पलीकडचें यंत्र जागें आहे कीं नाहीं हें पाहावयाचें तर ‘पिंग’ म्हणावें. माइक म्यूस यानें १९८३ च्या डिसेंबरांत एका रात्रींत हा हुकूम लिहून काढला आणि पाण्याखालीं ध्वनि सोडून प्रतिध्वनि ऐकणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला हें नांव दिलें. हांक मारावी, ओ येते कीं नाहीं तें पाहावें, मध्यें किती वेळ गेला तें मोजावें, बस्स!

मला खरी गंमत वाटली ती या भाषेच्या व्याकरणाची. स्विच म्हणजे येथें दिव्याचें बटन नव्हे, तर जींत चोवीस तारांचीं टोकें येऊन बसतात अशी एक पेटी. तिचें एखादें द्वार बंद करावयाचें तर ‘शटडाउन’ म्हणावें. उघडावयाचें तर? ‘उघड’ असा शब्दच नाहीं! ‘नो शटडाउन’ म्हणावें लागतें. दोन नकार मिळून झालेल्या होकारांत एक छटा मागें उरते, असें मी इतकीं वर्षें मुलांना शिकवीत आलों. येथें कांहींएक उरत नाहीं. शाबासकी देखील नाहीं. हुकूम मानला गेला कीं खिडकी गप्प राहते आणि नवी ओळ पुढें करते. लिलावांतसुद्धां ‘एक वार, दोन वार’ म्हणून मागें फिरण्यास अवधि ठेवलेला असतो. कापसाच्या बाजारपेठेंत वाढलेल्या मला ती सवलत जन्मसिद्ध वाटत होती.

गेल्या वर्षीं परीक्षेच्या आदल्या रात्रीं मी या खिडकीपुढें तीन तास बसलों होतों. बरीच जुनी अडगळ आवरली. सतराव्या द्वारावर ‘जुनें ग्रंथालय’ असें मीच कधीं तरी लिहून ठेवलेलें. ग्रंथालय तर नव्या इमारतींत गेलें; मग हें द्वार उघडें कशाला? ‘शटडाउन’ टंकलें. खिडकी गप्प राहिली. नव्या ओळीची मी वाट पाहिली. ती आली नाहीं. लुकलुकणारी रेघही थिजली. ‘पिंग’ केलें. ओ नाहीं.

मानवत रोड स्थानकावर उतरून तेथेंच मानवत गांव शोधणारे नवखे प्रवासी मीं पाहिले आहेत. नांव गांवाचें, पण गांव मैलांवर! त्यांना मी हंसलोंही आहें. त्या रात्रीं तो प्रवासी मी होतों. बाहेरच्या जगाकडे जाणारी मुख्य तार त्या द्वारांत होती, आणि तिच्यावरूनच मी आंत आलों होतों. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घातली! हल्लीं प्रश्नपत्रिका परीक्षेपूर्वीं थोडा वेळ त्याच तारेनें येतात आणि येथें छापून घ्याव्या लागतात. सकाळीं दोनशें मुलें येणार होतीं.

मीं मामांना फोन लावला. मामा म्हणजे आमचे रात्रपाळीचे शिपाई, शिक्षण सातवीपर्यंत.

‘मामा, मागच्या खोलींतली ती निळी पेटी ठाऊक आहे ना तुम्हांला?’

‘सतराव्या भोकांत लाल वायर हाय, तीच ना सर?’

मी चकित झालों. ‘तुम्हांला कसें ठाऊक?’

‘म्याच घातली की ती. जुनं भोक खराब झालं व्हतं. दिवाळीतच सांगितलं व्हतं सर तुम्हाला.’

सांगितलें होतें खरें. मी उत्तरपत्रिका तपाशीत होतों आणि मान वर न करितां ‘बरं’ म्हणालों होतों.

त्या पेटीला दोन स्मृति असतात: एक चालती, दुसरी जतन केलेली. वीज गेली कीं चालती पुसली जाते आणि पेटी जतन केलेलें तेवढें आठवून पुन्हा उभी राहते. माझें त्या रात्रीचें कांहींच जतन झालेलें नव्हतें. मामांना प्लग काढावयास सांगितला, दहापर्यंत मोजावयास सांगितलें, पुन्हा लावावयास सांगितला. कांहीं मिनिटांनीं ‘पिंग’ला ओ आली. चूक पुसली गेली होती, आणि तिच्याबरोबर तीन तासांचें कामही.

अशा जातीच्या पुष्कळ यंत्रांत ‘दहा मिनिटांनीं आपोआप पुन्हा सुरू हो’ असें अगोदर बजावून ठेवण्याची सोय असते. आपण आंत शाबूत राहिलों तर तो हुकूम मागें घ्यावयाचा, नाहीं तर पेटीच आपल्याला पुन्हा आंत घेते. ही सोय मला पुस्तकावरून माहीत होती. वापरूं लागलों तो त्या रात्रीनंतर.

परीक्षा आटोपल्यावर मामा आणि मी त्या खोलींत एक दुपारभर बसलों. ते एकेक तार हातानें चांचपीत सांगत गेले, मी वहींत लिहीत गेलों. चोविसांपैकीं पांच द्वारांवरचीं माझीं नांवें चुकलेलीं निघालीं. तेविसाव्या द्वारांतली पिवळी तार भिंतींत शिरून पुढें कोठें जाते, हें मात्र मामांनाही ठाऊक नाहीं. तिचा दिवा रात्रंदिवस लुकलुकत असतो. तिला आम्हीं अजून हात लावलेला नाहीं.